सैरंध्रीची साक्ष

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी ठेवलेले कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे आणि 'गोविंदा, गोविंदा' म्हणून ओरडायचे, असा आमच्या घरचा रिवाज होता. कारीट म्हणजे नरकासुर. त्याचा कडू रस जिभेला लावून आम्ही मुले फराळाच्या ताटांकडे धावत असू आणि ताटे वाढता वाढता आजी नरकासुराची गोष्ट सांगे. युद्धाचा भाग संपला की ती जराशी थांबे. मग म्हणे, "त्याच्या बंदीतल्या सोळा सहस्र बायका सुटल्या खऱ्या. पण आता त्यांना घरात कोण घेणार? म्हणून देवानंच त्यांना पदरी घेतलं." एका वर्षी मी विचारले, "पण आजी, त्यांनी काय केलं होतं?" आजी म्हणाली, "केलं काहीच नव्हतं रे. पण..." आणि तिने माझ्या ताटात आणखी एक चकली वाढली.

त्या 'पण'चा मी पुढे कितीतरी वर्षे विचार केला नाही. आज तो करायला बसलो आहे. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु आपल्या दिवाळीची ही पहाटच मुळी बंदिवान स्त्रियांच्या सुटकेची आहे. तेव्हा हा विषय अशुभ मानण्याचे कारण नाही. शिवाय तो घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा असाच आहे.

मी मराठीचा अध्यापक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक माझ्या विशेष आवडीचे. 1907 साली ते रंगभूमीवर आले आणि 1910 साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. कारण उघड होते. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीच्या जागी हिंदभूमी, कंकभटाच्या जागी मवाळ आणि बल्लवाच्या जागी जहाल. तिसेक वर्षांपूर्वी या नाटकावर मी एक दीर्घ लेख लिहिला होता. रूपक किती चोख बसले आहे, संवादांतून राजकारण कसे खेळवले आहे, हे सारे मी त्यात मोठ्या हौसेने दाखवले होते. लेखाचे कौतुक झाले. तो मी अलीकडे पुन्हा वाचला, तेव्हा माझ्या लक्षात आले की जिच्यामुळे हे सारे घडते त्या बाईविषयी त्यात एकही स्वतंत्र वाक्य नाही. तिच्या अपमानाचा मी जागोजागी उल्लेख केला होता, पण तो अपमान कोणाचा, तर राष्ट्राचा, पांडवांचा, पौरुषाचा. ती स्वतः काय म्हणत होती, हे मी नोंदवलेच नव्हते.

हे मला आपोआप सुचले असेही नाही. हाच विषय मी एकदा वर्गात शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सगळे तिच्याविषयी बोलतात, पण काय झालं ते तिला कोणीच विचारत नाही. राजासुद्धा." मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "आपण राजकीय रूपक पाहतो आहोत. तो प्रश्न आता नको." ती बसली. पुन्हा वर्षभर तिने काही विचारले नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी मूळ विराटपर्व काढून बसलो, आणि त्या मुलीला मी जे उत्तर दिले होते तेच मला तिथे लिहिलेले सापडले. ते कोणाच्या तोंडी होते, हे पुढे सांगतो.

विराटपर्वातला हा भाग आपण भीमाच्या पराक्रमासाठी वाचतो. जरा सैरंध्रीच्या बाजूने वाचून पाहा. अशा प्रसंगांविषयी आपण आजही घरात, कचेरीत, एस्टीत जे जे बोलतो, त्यातले बहुतेक तिथे कोणी ना कोणी बोलून गेलेले आहे.

पहिली समजूत अशी की हे संकट अंधारातून, अनोळखी माणसाच्या रूपाने येते. म्हणून मुलींनी दिवेलागणीला घरात असावे. सैरंध्रीवर संकट आले ते घरातूनच. कीचक हा राणीचा भाऊ. त्याच्या महालात मद्य आणायला तिला पाठवले ते राणी सुदेष्णेने. सैरंध्री तिला स्पष्ट सांगते की तो निर्लज्ज आहे, मला पाठवू नका, दुसऱ्या कोणा दासीला पाठवा. राणी म्हणते, मी पाठवते आहे म्हटल्यावर तो तुला काही करणार नाही. किती ओळखीचे वाक्य आहे हे! आपल्या देशात दरवर्षी बलात्काराचे जे गुन्हे नोंदले जातात, त्यांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो, असे सरकारी आकडेच सांगतात. नातलग, शेजारी, मालक, मित्र. दिवेलागणीला मुलगी घरात आली म्हणजे प्रश्न मिटला, असे म्हणण्याची सोय मग राहत नाही.

दुसरी समजूत अशी की बाईचे 'नाही' हे खरे 'नाही' नसते. सैरंध्री कीचकाला एकदा नव्हे, अनेकदा नकार देते. कारणासह देते. मी परस्त्री आहे म्हणते, माझे गंधर्व पती तुझा नाश करतील म्हणते. कीचकाच्या कानांवर शब्द पडतात, पण अर्थ तो स्वतःचाच लावतो. आणि इथे मला माझ्या शास्त्राचीच झडती घेतली पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेचे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत. त्यांत 'कुट्टमित' नावाचा एक आहे. प्रियकराच्या स्पर्शाने मनातून सुख होत असता वरवर मात्र रागावल्याचे दाखवणे, असा त्याचा अर्थ. मी तो वर्षानुवर्षे परीक्षेला विचारला. रंगभूमीवर या अलंकाराला जागा आहे, कारण तिथे दोघांची प्रीती प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते आणि नायिकेचे मन कवी आपल्याला उघडून दाखवत असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीचे मन असे कोणी उघडून दाखवलेले नसते. पण नाटकांनी, लावण्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या चित्रपटांनी हा अलंकार इतका घोटवला, की नायिकेच्या मागे मागे फिरणारा, तिची वाट अडवणारा नायक तिसऱ्या गाण्याला तिचा प्रियकर होतो हे आम्हांला स्वाभाविक वाटू लागले. आम्हां समीक्षकांपैकी किती जणांनी त्यावर बोट ठेवले? आम्ही संगीताची आणि छायाचित्रणाची तारीफ करत बसलो.

तिसरी समजूत सर्वांत घट्ट आहे. खरेच मनात नसते तर ती ओरडली असती, झगडली असती. सैरंध्री झगडते. कीचकाला ढकलून देऊन ती धावते, आणि धावते ती थेट राजसभेत. कीचक मागून येऊन तिचे केस धरतो आणि राजासमोर तिला लाथ मारतो. याहून मोठा आक्रोश आणि याहून अधिक साक्षीदार कोणत्या स्त्रीला मिळणार? तरी विराट काय म्हणतो? तुमच्या दोघांचे भांडण माझ्या डोळ्यांआड झाले, खरे काय ते जाणल्यावाचून मी निवाडा कसा देऊ? लाथ मात्र त्याच्या डोळ्यांसमोर बसली होती. सभासदांना तिची दया येते. ते कीचकाची निंदाही करतात. पण त्यांच्या सहानुभूतीचे शब्द पाहा. अशी सर्वांगसुंदर स्त्री ज्याची भार्या असेल तो केवढा भाग्यवान, त्याला कसला शोक, असे ते म्हणतात! केस विस्कटलेली बाई समोर उभी आहे आणि सभा तिच्या नवऱ्याच्या भाग्याचा हिशोब करते आहे.

आणि कंकाच्या वेषातला युधिष्ठिर? तो म्हणतो, सैरंध्री, तुला काळवेळ कळत नाही. नटीसारखी इथे धावत आलीस आणि राजसभेत द्यूत खेळणाऱ्यांच्या खेळात विघ्न आणतेस. अज्ञातवास उघडा पडू नये म्हणून तो असे बोलतो, हे मला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना मी ते समजावूनही सांगितले आहे. माझा काही अज्ञातवास चालू नव्हता. तरी 'तो प्रश्न आता नको' असे मी त्या मुलीला म्हणालोच. तिनेही माझ्या खेळात विघ्न आणले होते.

पुढे ती काय करते? गप्प राहते. रात्र होण्याची वाट पाहते आणि मग एकटीच उठून भीमाकडे, मुदपाकखान्यात जाते. 'इतका वेळ का थांबली?' हा आपला नेहमीचा प्रश्न. विराटपर्वात त्याचे उत्तर आहे. जिथे सांगायला हवे तिथे तिने सांगून पाहिले होते. आता ती, ऐकून घेईल असे एक माणूस शोधत होती. असे माणूस कोणाला दोन तासांत सापडते, कोणाला वीस वर्षांत, आणि कोणाला सापडतच नाही. तोंडातून शब्द न फुटणे हेही आपल्याला संशयास्पद वाटते. पण भयाने माणसाचे शरीर जागच्या जागी गोठते, हात हलत नाही, आवाज निघत नाही, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. अंगावर साप पडला तर आपणही ओरडतोच असे नाही. तेव्हा 'तुझी सापाला संमती होती काय' असे कोणी विचारत नाही.

कीचक मेल्यानंतरचा भाग तर नाटकवाले सहसा दाखवतच नाहीत. त्याचे भाऊबंद म्हणतात, हिच्यापायी हा मेला, हिलाही त्याच्याबरोबर जाळा; आणि राजा त्याला अनुमती देतो. भीम तिला सोडवतो. ती नगरात परत येते, तर लोक राजाकडे जातात: ही रूपवती आहे, पुरुषांचे मन हिच्यावर जाणारच, तेव्हा नगराचा नाश टळेल असे काही करा. राजा राणीमार्फत तिला निरोप धाडतो की तू आता इथून जा. ती तेरा दिवसांची मुदत मागून घेते. अपराधी मेला, आणि हद्दपारीची आज्ञा तिला! आजीचा तो 'पण' इथे मला पुन्हा भेटला.

व्यासांनी हे सारे लिहून ठेवले आहे. कुठेही टीका केलेली नाही. राजा, राणी, सभा, धर्मराज यांना जसेच्या तसे बोलू दिले आहे. खाडिलकरांच्या काळाची निकड वेगळी होती. परक्या सत्तेविरुद्ध त्यांना शस्त्र हवे होते आणि ते त्यांनी धारदार केले. त्यांना मी दोष देत नाही. मात्र रूपकाची एक किंमत असते. स्त्री राष्ट्राचे प्रतीक झाली की तिच्यावरचा अत्याचार हा तिच्या धन्याच्या अब्रूचा प्रश्न होतो. मग 'तिची इच्छा होती का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'ती कोणाची होती' हा पुढे येतो.

आपली भाषाही हेच करते. 'अब्रू लुटली' असे आपण म्हणतो. म्हणजे घरातली एक वस्तू चोरीला गेली. 'अतिप्रसंग' म्हणतो, म्हणजे प्रसंग ठीक होता, थोडा अति झाला. कायद्याच्या मराठीत 'विनयभंग' म्हणतात. विनय सोडला पुरुषाने आणि भंगला मात्र बाईचा! आणि सर्वांवर कडी म्हणजे 'मौन म्हणजे संमती' हे वचन. सम् आणि मती मिळून संमती. दोन मती जुळल्या तर संमती. एक मती बोलते आहे आणि दुसरी भयाने मुकी झाली आहे, तिथे जुळणार काय?

विराटाची सभा पुराणात राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण ती आपल्या विदर्भातल्या एका प्रकरणात पुन्हा भरली. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एक अनाथ आदिवासी मुलगी जबाबासाठी आली होती. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. बरोबरच्यांना जायला सांगून तिला मागे ठेवून घेतले गेले. तिने दोन पोलिसांवर आरोप केला. त्या मुलीच्या नावानेच ते प्रकरण देशभर प्रसिद्ध झाले. मी ते नाव लिहीत नाही. पीडित स्त्रीचे नाव छापू नये हा कायदा पुढे 1983 साली झाला, आणि तो या प्रकरणाने उठलेल्या चळवळीतूनच झाला.

1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि एक महत्त्वाचा भेद केला: संमती वेगळी आणि भयापोटी निमूट राहणे वेगळे. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. निकालपत्र हेही एक लेखनच असते, म्हणून समीक्षकाच्या नजरेने मी ते वाचले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नव्हता, हात धरला तेव्हा आपल्या माणसांना तिने हाक मारायला हवी होती, यावरून जे घडले ते शांततेने घडले असावे. कायद्याची भाषा बाजूला केली तर यात एका कल्पित नायिकेचे चित्र दिसते. ती सदैव ओरडते, जखमी होते, मग लगेच धावत येऊन सांगते. खरी मुलगी या नायिकेच्या साच्यात बसली नाही. शिवाय ठाण्यात मदतीची हाक मारायची ती कोणाला? पोलिसाला?

पुढच्या वर्षी, 1979 च्या सप्टेंबरात, कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावे. निकालातल्या एकेका गृहीताला हात घालून, गरीब आदिवासी मुलगी, रात्रीची वेळ, पोलिसांचे ठाणे या परिस्थितीत 'संमती' या शब्दाला काही अर्थ उरतो का, असे त्यांनी विचारले. वाचावे कसे, हे मला कोणत्याही साहित्यसमीक्षेपेक्षा त्या पत्राने अधिक शिकवले. फेरविचाराची मागणी मान्य झाली नाही, पण स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि कायदा हलला. 1983 साली असे ठरले की पोलिसांच्या ताब्यात असताना संबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे. तिच्या पूर्वायुष्यावर शिंतोडे उडवण्याची मुभा देणारे कलम पुढे गेले. 2013 साली संमतीची व्याख्याच लिहिली गेली: शब्दांनी वा खुणेने, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दिलेला होकार, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानायचे नाही. जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. अठरा वर्षांच्या वरच्या पत्नीच्या बाबतीत मात्र कायदा अजून पतीला वगळतोच. तिथे एकदा दिलेली संमती जन्माची धरली जाते.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. एक, खोट्या तक्रारी होतात त्याचे काय? कोणत्याही गुन्ह्याची तक्रार खोटी असू शकते. पुरावा तपासायला न्यायालये आहेत. प्रत्येक तक्रार डोळे मिटून खरी माना, असे मी म्हणत नाही. काय घडले ते तपासा. चांगल्या बाईने कसे वागायला हवे होते, याची परीक्षा घेऊ नका, इतकेच म्हणतो. दुसरा आक्षेप जरा हसत हसत घेतला जातो: मग काय पुरुषाने दर वेळी विचारत बसायचे? विचारावे. पाहुण्याला आपण आग्रह करतो, पण त्याने ताटावर आडवा हात धरला की वाढणारा शहाणा माणूस थांबतो. जेवणाच्या पंगतीत जी खूण लहान पोरालाही कळते ती इतरत्र कळत नाही, असे कोणी सांगू नये. आणि हे केवळ मुलींपुरते नाही. मुलग्यांवरही असे प्रसंग येतात, आणि 2012 चा बालसंरक्षणाचा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण मुलगा हे घरी सांगू लागला तर आपण त्याला हसतो, आणि तोही गप्प बसतो.

कायदा बदलला, पण तो न्यायालयात असतो. विराटाची सभा आपल्या ओसरीवर भरते. शेजारच्या एखाद्या मुलीविषयी बातमी आली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ती तिथे कशाला गेली होती? घरातली मुलगी हे शेजारच्या खोलीतून ऐकत असते. उद्या तिच्यावर वेळ आली तर सांगावे की नाही, ते ती आजच ठरवून टाकते.

माझ्या त्या जुन्या लेखाचा संग्रहात समावेश करावा, असे एका प्रकाशकाने अलीकडे सुचवले. मी त्याला थोडा वेळ मागितला आहे. लेख नव्याने लिहायचा आहे, आणि त्यात सैरंध्री काय म्हणते ते आधी येईल. वर्गातल्या त्या मुलीचा पत्ता माझ्यापाशी नाही. हा अंक कुठे तिच्या हाती पडला तर तिने एवढे वाचावे: तुझा प्रश्न बरोबर होता आणि तो तेव्हाच विचारायला हवा होता. उत्तर द्यायला मला उशीर झाला.

गेल्या नरकचतुर्दशीला माझ्या नातीने कारीट फोडले आणि आजीची ती गोष्ट मी तिला सांगितली. सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या, इथवर आलो आणि थांबलो. ती म्हणाली, "मग आजोबा, त्या कुठे गेल्या?" मी म्हणालो, "आपापल्या घरी गेल्या. घरच्यांनी दारात दिवे लावले होते." पुराणात असे नाही, हे मला ठाऊक आहे.